इंधनाचा डबा कसा निवडावा?

पावसाळ्यात खानापूरच्या रानवाटांवर झाडे उन्मळून पडतात. ती हटविण्यास आता कुऱ्हाडीबरोबर पेट्रोलवर चालणारी यांत्रिक करवतही येते. करवतीची पारख सारेच करतात. तिच्या इंधनाच्या डब्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. म्हणून त्याविषयी आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

पेट्रोलची जळते ती वाफ. शून्याखाली ४० अंश सेल्सिअसलाही ती पेटण्याइतकी निघते. हवेहून तिपटीने जड असल्याने ती जमिनीलगत पसरते व दूर कोणी विडीसाठी ओढलेल्या काडीपर्यंत जाऊन पोहोचते! तेव्हा डब्याचा पहिला गुण म्हणजे वायसर असलेले, घट्ट बसणारे झाकण. पाण्याची बाटली सर्वथा वर्ज्य; तहानलेला मनुष्य तिला फसतो.

पत्र्याचा डबा मजबूत खरा. परंतु हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषून घेते, त्यामुळे तो आतून गंजण्याचा संभव असतो. पेट्रोलसाठीच घडविलेला जाड प्लॅस्टिकचा डबा गंजत नाही. तो उन्हात मात्र ठेवू नये.

डबा ५ लिटरांचा पुरे. अनेक करवतींस १ लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर तेल मिसळावे लागते, आणि हे मिश्रण फार दिवस टिकत नाही. डबा जमिनीवर ठेवूनच भरावा, उष्णतेने इंधन फुगते म्हणून वर थोडी जागा सोडावी. करवत निवल्यावरच तीत इंधन ओतावे आणि तेथून ३ मीटर दूर नेऊन ती सुरू करावी.

डब्यावर वाचविलेले चार रुपये जिवाहून मोलाचे नाहीत, हे आपण ध्यानी ठेवू या.