विनोबांची समन्वयदृष्टी
‘गीताई’द्वारे आचार्य विनोबा भावे यांनी गीता मराठी घराघरांत पोहोचविली, परंतु त्यांचे अध्ययन तेथेच थांबले नाही. कुराण मुळातून समजावे म्हणून ते अरबी शिकले. ‘कुराण-सार’ व ‘ख्रिस्तधर्म-सार’ त्यांनीच सिद्ध केले. परमेश्वर एकच, ही त्यांची श्रद्धा होती. जैन दर्शन मात्र जगत्कर्ता ईश्वर मानीत नाही. तरीही विनोबांनी ते आपल्या श्रद्धेच्या चौकटीत बसविले नाही. जैनांनीच आपले सार एकत्र करावे, असा आग्रह धरला. त्यातूनच जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केलेला ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ साकारला. १९७४ साली दिल्लीच्या संगीतीत चारही संप्रदायांनी त्यास मान्यता दिली. दुसऱ्याचे सत्य त्याच्याच मुखाने ऐकणे, हीच ऐक्याची पहिली पायरी होय.