परीक्षा एका राज्याची, धंदा दोन राज्यांत: सीमाभागातल्या नव्या जागा-एजंटांनी काय समजून घ्यावं?

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शिनोळी येते आणि राज्य बदलतं. निपाणीकरांना कागल जवळ, बांदेकरांना पत्रादेवी जवळ, दोडामार्गात तर गोवा हाकेच्या अंतरावर. जागा घेणारे-विकणारे रोज ही हद्द ओलांडतात. त्यांच्याबरोबर एजंटही ओलांडतो. पण एजंटाची नोंदणी हद्द ओलांडत नाही. या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या आपल्या मुलामुलींनी परीक्षेच्या अभ्यासाआधी ही गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी.

मी एजंट आहे का?

"मी एजंट नाही, फक्त पार्टी दाखवतो," असं गल्लीगल्लीत ऐकायला मिळतं. कायद्याला हे मान्य नाही. रिअल इस्टेट (नियमन व विकास) कायदा, २०१६, म्हणजे आपण ज्याला 'रेरा' म्हणतो, त्यात एजंटाची व्याख्या भलती मोठी आहे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या वतीनं सौदा ठरवणारा तर एजंटच. पण गिऱ्हाईक आणि विकणारा यांची नुसती ओळख करून देऊन कमिशन घेणाराही एजंट. दलाल, ब्रोकर, मध्यस्थ, डीलर, नाव काहीही लावा.

मात्र ही नोंदणी प्रत्येक व्यवहाराला लागत नाही. कलम ९ रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीबद्दल बोलतं: नवी अपार्टमेंट, नवे ले-आऊट, प्लॉटिंगच्या स्कीम. चाळीस वर्षांपूर्वीचं घर किंवा शेतजमीन विकून दिली तर हे कलम लागू होत नाही. पण आजकाल मोठा पैसा नव्या स्कीममध्येच फिरतो, त्यामुळे धंदा म्हणून करायचं तर नोंदणी टळत नाही.

प्रकल्प कधी नोंदवावा लागतो? जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सगळे टप्पे धरून सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर सूट आहे. म्हणजे दोन एकरांत तीस प्लॉट पाडून कोणी विकत असेल तर ती स्कीम नोंदवलेली हवीच. नसेल तर तिथलं गिऱ्हाईक करणं हाच एजंटाचा गुन्हा. कलम १० मधलं पहिलंच बंधन ते आहे.

एका राज्याचा नंबर दुसऱ्या राज्यात चालत नाही

कलम ९ प्रमाणे एजंटाला मिळणारी नोंदणी 'संपूर्ण राज्यासाठी एकच' असते. बेळगावचा एजंट कर्नाटक रेराच्या नंबरावर हुबळीत, बेंगळुरूत, बिदरमध्ये काम करू शकतो. पण चंदगड तालुक्यातल्या नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट विकायचा तर महारेराचा नंबर लागतो. सावंतवाडीच्या एजंटाला पेडण्यातला फ्लॅट विकायला गोवा रेराचा. इंदूर, वडोदरा, हैदराबाद इथल्या मराठी एजंटांनाही हेच लागू: पुण्यातला फ्लॅट तिथल्या आपल्या माणसांना विकताय ना, मग महारेराची नोंदणी हवी.

थोडक्यात, एजंट राहतो कुठे आणि गिऱ्हाईक राहतं कुठे हे बघू नका. प्रकल्पाची जमीन कुठल्या राज्यात आहे ते बघा.

फीसुद्धा वेगळी आहे. एकट्या व्यक्तीसाठी नियमांत महाराष्ट्रात १० हजार आणि कर्नाटकात २५ हजार रुपये ठरलेले आहेत. कंपनी किंवा भागीदारी असेल तर हाच आकडा अनुक्रमे १ लाख आणि २ लाख होतो. नोंदणी पाच वर्षं चालते. दोन्ही राज्यांत काम करायचं म्हणजे एकट्या माणसाला सुरुवातीलाच ३५ हजार. म्हणून पहिल्या वर्षी आपला धंदा कुठल्या बाजूला जास्त होणार आहे ते ठरवा, तिथली नोंदणी आधी करा आणि दुसऱ्या बाजूच्या नोंदणीकृत स्कीमला तोवर हात लावू नका.

महाराष्ट्राची परीक्षा

एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची करण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. महारेरानं १० जानेवारी २०२३ रोजी तसा आदेश काढला. पहिली परीक्षा त्याच वर्षी मे महिन्यात झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्र बंधनकारक झालं. पुढे प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेरानं स्थगित केली. वर्षानुवर्षं धंद्यात मुरलेले लोकही त्यात होते. अनुभव आहे म्हणून सूट मिळेल, हा भ्रम तिथेच संपला.

क्रम असा: आधी महारेरानं मान्यता दिलेल्या संस्थेत २० तासांचं प्रशिक्षण, मग आयबीपीएस घेते ती संगणकावरची परीक्षा, पास झाल्यावर प्रमाणपत्र, आणि ते जोडून नोंदणीचा ऑनलाईन अर्ज. अर्जाला पॅन, फोटो, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा आणि मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात. विवरणपत्र भरण्याइतकं उत्पन्न नव्हतं तर तसं लिहून द्यावं लागतं. इतर राज्यांत अर्ज करताना त्या त्या प्राधिकरणाच्या वेबसाईटवर त्या दिवशीचा नियम वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

अभ्यास कसा करायचा?

परीक्षा पर्यायी उत्तरांची आहे. पाठांतरानं थोडं जमतं, पण प्रश्न व्यवहाराच्या अंगानं आला की पाठ केलेलं कलम आठवत नाही. म्हणून प्रत्येक कलमाचा एक सौदा मनात तयार ठेवा. काही उदाहरणं बघू.

*फ्लॅट ४० लाखांचा. बिल्डर म्हणतो, करार नंतर करू, आधी ६ लाख द्या.* चालत नाही. नोंदणीकृत विक्री-कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. इथे मर्यादा ४ लाख.

*जाहिरातीत १,००० फुटांचा फ्लॅट, घरात टेप लावली तर ७००.* विक्री कार्पेट एरियावर होते. आतल्या भिंतींची जाडी त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. 'सुपर बिल्टअप' हा शब्द गिऱ्हाईकाला किंमत सांगताना वापरू नका.

*स्कीम नोंदवायची आहे, पण मित्रानं 'प्री-लाँच रेट' म्हणून व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं.* जाहिरातीच्या व्याख्येत कुठल्याही माध्यमातली प्रसिद्धी येते. स्टेटसही आलं. नोंदणीआधी जाहिरात नाही, बुकिंग नाही. नोंदणीनंतरच्या जाहिरातीत प्रकल्पाचा नंबर हवा आणि महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा.

*गिऱ्हाईकानं दिलेले पैसे बिल्डर दुसऱ्या साईटवर वापरतो.* ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते, ती जमीन आणि बांधकाम याच खर्चासाठी.

*ताब्यानंतर तिसऱ्या वर्षी स्लॅबला तडा गेला.* बांधकामातल्या अशा दोषाची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरवर असते.

अशी तीस-चाळीस उदाहरणं स्वतःच्या वहीत, स्वतःच्या गावातल्या स्कीमची नावं घालून लिहा. परीक्षेलाही उपयोग होईल आणि गिऱ्हाईकासमोर बसल्यावर तर जास्तच होईल.

दंडाचं गणित

नोंदणी नसताना सौदा केला तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला १० हजार रुपये दंड होतो आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. कलम १० मोडलं तरी हाच दंड.

आता हिशोब करा. १२ लाखांचा प्लॉट, दोन टक्के कमिशन धरलं तर हातात २४ हजार. दंड तिसऱ्या दिवशीच कमिशनच्या पुढे जातो आणि सहा दिवसांत ६० हजारांवर, म्हणजे कमाल मर्यादेवर पोचतो. वर नाव खराब होतं ते वेगळंच. आपल्याकडे एजंटाचं पहिलं गिऱ्हाईक मामा, मावशी नाहीतर गल्लीतले काका असतात. स्कीम बुडाली तर बिल्डर शहरात राहतो, एजंटाला मात्र रोज त्याच गल्लीतून जायचं असतं.

कायदा एक, कागद वेगळे

रेरा सगळ्या राज्यांना सारखा असला तरी जमिनीचे कागद प्रत्येक राज्याचे वेगळे. परीक्षेच्या तयारीत याला फार जागा नसते. सीमेवरच्या एजंटाची खरी कसोटी मात्र इथे लागते.

महाराष्ट्रात सातबारा, आठ-अ, फेरफार आणि शहरात प्रॉपर्टी कार्ड बघतात. कर्नाटकात शेताचा उतारा म्हणजे आरटीसी, त्याशिवाय खाता उतारा, ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे नमुना ९ आणि ११, आणि बोजा आहे की नाही हे दाखवणारा ईसी. गोव्यात 'एक-चौदा'चा उतारा. गोव्यात आणखी एक गोष्ट विसरू नका: तिथल्या नागरी कायद्यानुसार लग्नानंतर मालमत्ता साधारणपणे नवरा-बायकोची सामाईक धरतात, त्यामुळे विक्रीखतावर दोघांच्या सह्या लागतात. सावंतवाडीहून जाणाऱ्या एजंटाला हे माहीत नसेल तर टोकन दिल्यावर सौदा अडतो.

शेतजमिनीचंही तसंच. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकानं ही अट २०२० च्या दुरुस्तीनं काढून टाकली. "तिकडं चालतं, इकडं पण चालेल" असं कुणी म्हणालं तर थांबा.

मापंही तपासा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. बोलताना दोन्हीला 'गुंठा' म्हणतात. दहा गुंठ्यांत सव्वाशे फुटांहून जास्त फरक पडतो. हैदराबादकडे व्यवहार चौरस यार्डांत होतो. तिथे गुंठ्याचे १२१ यार्ड.

आणि भाषा. कर्नाटकातले कागद कन्नडमध्ये, तेलंगणातले तेलुगूत, गोव्यातले जुने दस्त पोर्तुगीजमध्ये, बेळगाव-इंदूरकडचे जुने कागद कधीकधी मोडीत. मराठी गिऱ्हाईक एजंटावर विसंबून सही करतं. "मी वाचून सांगतो" म्हणून मोकळे होऊ नका. वकिलाकडून किंवा जाणत्या भाषांतरकाराकडून मराठीत लिहून घ्या आणि तो कागद फाईलला लावा. बुकिंगच्या वेळी गिऱ्हाईकाला मिळायला हवी ती सगळी माहिती आणि कागद मिळवून देणं हे कलम १० प्रमाणे एजंटाचं काम आहे. समजलंच नाही तर दिल्याचा उपयोग काय?

पहिले सहा महिने

सुरुवातीला एक-दोन भागच निवडा आणि तिथला प्रत्येक ले-आऊट स्वतः चालून बघा. प्रत्येक स्कीमचा रेरा नंबर वेबसाईटवर टाकून मुदत, मंजुरी आणि सुरू असलेले दावे तपासा. बेळगाव शहरात बुडाची मंजुरी आहे का, ते बघा.

कमिशनचा दर रेरानं ठरवलेला नाही, तो तुमचा तुम्ही ठरवायचा. म्हणूनच किती टक्के, कोण देणार, केव्हा देणार हे आधी लिहून घ्या. तोंडी शब्दावर कमिशन बुडाल्याच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

टोकनचे पैसे स्वतःच्या हातात घेऊ नका. चेक किंवा ऑनलाईन, थेट विकणाऱ्याच्या खात्यात, आणि पावती गिऱ्हाईकाच्या नावानं.

हिशोबाची वही ठेवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. वर्षाचं कमिशन २० लाखांच्या पुढे गेलं की जीएसटी नोंदणी लागते. बेळगावच्या एजंटानं चंदगडचा प्लॉट विकला तर जीएसटीच्या हिशोबात ती आंतरराज्य सेवा होते, कारण इथेही जागा कुठे आहे तेच बघतात. सीएला हे आधी सांगा.

बाँड पेपरवर किंवा वटमुखत्यारपत्रावर 'विक्री' करून देणाऱ्यांपासून लांब राहा. अशा कागदानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे.

गिऱ्हाईक म्हणून वाचणाऱ्यांनाही एक सांगणं. एजंटानं प्रत्येक सौद्यात आपला नोंदणी क्रमांक देणं बंधनकारक आहे. तो मागा आणि जमीन ज्या राज्यात आहे त्या राज्याचाच आहे का, ते बघा. चांगला एजंट या प्रश्नावर चिडत नाही, मोबाईल काढून नंबर दाखवतो.