रेडिओवर चालणाऱ्या ट्रकाचे तेल

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील चार मुलांनी पैसे साठवून रेडिओलहरींवर चालणारा एक जुना ट्रक विकत घेतला. खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश प्रमाणाचा, विजेच्या मोटरवर चारही चाकांनी धावणारा व खाचखळग्यांसाठीच घडविलेला हा ट्रक खेळणे म्हणून बाजूस सारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्याच्या चारही चाकांपाशी धक्के सोसणाऱ्या तेलाच्या नळ्या आहेत, ज्यांना गॅरेजात 'शॉकअप' म्हणतात. शिवाय पोटात तीन डिफरन्शियल आहेत, आणि त्यांतही तेलच आहे. शॉकअपचे तेल संपताच मुलांनी मोटारसायकलचे तेल आणून ओतले. महिन्याभरात आतील रबरी कड्या फुगल्या, तेल गळू लागले आणि ट्रक बेडकासारखा उड्या मारीत उलटू लागला. तक्रार आमच्याकडे आली. आम्ही पडलो कलाशाखेचे! परंतु चार मुलांची वर्षाची पुंजी वाया जाताना पाहवेना, म्हणून आम्हीही त्यांच्याबरोबर विद्यार्थी झालो.

द्रव वाहू लागला असता त्यातच जो विरोध उत्पन्न होतो त्यास श्यानता म्हणतात. ती सेंटिस्टोक या एककाने मोजतात. एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्या नावावरून हे एकक आले. पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक. घरच्या एरंडेलाची ३० अंश सेल्सिअस उष्णमानात पाचशेच्या आतबाहेर. मधाची काही हजार. शॉकअपचे तेल बहुधा ३०० ते ८०० च्या दरम्यानचे, म्हणजे एरंडेलाच्या जातकुळीचे असते. डिफरन्शियलचे ३,००० ते १०,००० पर्यंत, म्हणजे मधासारखे.

मग एरंडेलच का ओतू नये, असे एका चतुर मुलाने विचारलेच. उष्णमान २० अंशांवरून ४० अंशांवर गेले की एरंडेलाची श्यानता जेमतेम चौथाई उरते. सकाळी नीट धावणारा ट्रक दुपारी निराळाच होईल. सिलिकोन तेल इतके बदलत नाही, म्हणून ते वापरावयाचे. काही बाटल्यांवर सेंटिस्टोकऐवजी ३०, ४० असे 'वजनाचे' आकडे असतात. टीम असोशिएटेड या अमेरिकन कंपनीचे ३० वजनाचे तेल ३५० सेंटिस्टोकचे असते. दुसऱ्याचे त्याच आकड्याचे तेल तसेच निघेल असे नाही. सेंटिस्टोक पाहूनच घ्यावे.

शॉकअपच्या नळीत बारीक छिद्रे असलेला दट्ट्या असतो व बाहेरून स्प्रिंग. या दोहोंची कामे भिन्न आहेत, आणि सारी मेख येथेच आहे. स्प्रिंगचा विरोध ती किती दबली यावर अवलंबून असतो. तेलाचा विरोध दट्ट्या किती वेगाने सरकतो यावर. ट्रक स्वस्थ उभा असता तेल काहीच भार उचलीत नाही. तेव्हा ट्रक खाली बसतो म्हणून जाड तेल घालणे व्यर्थ. तेथे स्प्रिंग बदलावी. तेल पातळ झाले की स्प्रिंग खड्ड्यानंतरही झुलत राहते. फार जाड झाले की चाकाला खाली येण्यास सवड मिळत नाही, ते जमीन सोडून खड्ड्याखड्ड्यावरून टपटपत जाते. वीतभर उंचीवरून ट्रक सपाट सोडून द्यावा. तो एकदा दबून सावकाश वर येऊन स्थिरावला तर तेल जमले. उंच उड्यांसाठी थोडे जाड, बारीक खडबडीत वाटेसाठी थोडे पातळ, आणि उन्हाळ्यात एक पायरी जाड.

डिफरन्शियल समजण्यास कवायत आठवावी. रांग वळताना आतील मुलगा जागीच पावले टाकतो, कडेचा मात्र धावतो. चाकांचेही तसेच, दंतचक्रांची ही योजना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. पण एक चाक हवेत गेले की सगळे फिरणे त्याच चाकाकडे जाते आणि जमिनीवरचे बिचारे थांबते. दाट तेलातून दंतचक्रे फिरताना हा गतीतील फरकच अडविला जातो, आणि दुसऱ्या चाकास त्याचा वाटा मिळतो.

पुढे जाड तेल असता वेग देताना ट्रक सरळ ओढला जातो, पण वेग सोडून वळणात शिरताना हट्टी होतो. मागे पातळ असलेले बरे. जाड झाले की शेपटी घसरते. मधले डिफरन्शियल पुढच्या व मागच्या जोडीत वाटणी करते. ते पातळ असेल तर वेग देताच पुढची चाके नुसती भिरभिरतात. तिन्ही एकदम बदलू नयेत, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. आम्ही ही चूक केली आणि एक सबंध रविवार घालविला.

भरतानाही घाई नको. शॉकअपमध्ये तेल ओतून दट्ट्या हळूहळू वरखाली करावा व बुडबुडे निघेपर्यंत थांबावे. डिफरन्शियल काठोकाठ भरू नये. तापून तेल प्रसरण पावते व फटीतून बाहेर येते.

सध्या आमच्या मुलांच्या ट्रकात शॉकअपमध्ये पुढे ५०० व मागे ४०० चे तेल आहे. डिफरन्शियलमध्ये पुढे ५,०००, मध्ये ७,००० आणि मागे ३,०००. ट्रक आता उलटत नाही. मात्र मैदानातील वडाजवळच्या वळणातून निघताना पुढची चाके अजून भिरभिरतात. मधले तेल १०,००० चे करावे असे दोघांचे मत आहे. उरलेले दोघे म्हणतात, आधी टायर बदला.