विस्मृतींतून परत आलेले सूर

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले आणि त्यांच्याबरोबर त्यांचें गाणेंहि गेलें; कारण त्यांची एकहि तबकडी मागें राहिलेली नाहीं. ज्यांनीं तें ऐकलें त्यांच्या आठवणींवरच पुढील पिढ्यांना समाधान मानावें लागलें. पाश्चात्य संगीत स्वरलिपींत लिहिलेलें असतें, तेव्हां त्यावर असा प्रसंग येत नसेल, असें आपणांस वाटतें. परंतु लिहिलेलें संगीत कोणी वाजविलेंच नाहीं, तर तें बासनांत बांधलेल्या पोथीप्रमाणें मुकेंच राहतें. ज्यास रोमँटिक म्हणतात त्या भावप्रधान परंपरेंतील कितीतरी रचना अशा मुक्या झाल्या. त्यांपैकीं एका रचनाकाराची कथा आपणांस विशेष जवळची वाटेल. कारण तींत एक हिंदी राजा आहे.

निकोलाय मेट्नर यांचा जन्म १८८० सालीं मॉस्को येथें झाला. पियानो व वाद्यवृंद यांच्यासाठीं तीन काँचेर्टो, पियानोचे चौदा सोनाटा आणि ‘परीकथा’ या अर्थाचें नांव दिलेल्या तीसांहून अधिक लहान रचना त्यांनीं केल्या. सुप्रसिद्ध राख्मानिनोव्ह यांनीं आपला चौथा काँचेर्टो त्यांना अर्पण केला होता. परंतु काळाचा ओघ निराळा होता. राज्यक्रांतीनंतर, १९२१ सालीं, मेट्नर यांनीं रशिया सोडला. नव्या पद्धतीचें संगीत त्यांना मान्य नव्हतें आणि त्यांचें संगीत नव्या लोकांना जुनाट वाटे. अखेर ते लंडनमध्यें स्थायिक झाले. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन प्रकाशकाकडून येणारें उत्पन्न थांबलें आणि १९४२ सालीं हृदयविकाराचा झटका आला. आतां हें संगीत कर्त्याबरोबरच जाणार, अशीच चिन्हें दिसूं लागलीं.

अशा वेळीं मदत आली ती म्हैसूरहून. १९४० सालीं गादीवर आलेले महाराज जयचामराजेंद्र वडियार पियानोचे जाणकार होते. पुढें त्यांनीं कर्नाटक पद्धतीच्या चौऱ्याण्णव कृतिहि रचल्या. त्यांच्या द्रव्यसाहाय्यानें लंडनमध्यें मेट्नर सोसायटी निघाली आणि १९४७ पासून स्वतः मेट्नर ध्वनिमुद्रणास बसूं लागले. त्या काळच्या तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपे. एका काँचेर्टोसाठीं तबकड्यांचा संचच लागे. प्रकृति ढासळलेली असतांहि त्यांनीं तिन्ही काँचेर्टो फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर वाजविले. तिसरा काँचेर्टो त्यांनीं महाराजांनाच अर्पण केला. १९५१ च्या नोव्हेंबरांत ते वारले. चारच वर्षें उशीर झाला असता, तर हे काँचेर्टो त्यांच्या स्वतःच्या हातून वाजविलेले आपल्या कानीं कधींच पडले नसते.

यानंतरहि उपेक्षा संपली नाहीं. मॉस्को येथें १९५९ ते १९६३ या काळांत त्यांचे समग्र ग्रंथ बारा खंडांत निघाले, तरी जलशांत त्यांचें नांव क्वचितच दिसे. मोठ्या वाद्यवृंदाचा खर्च भागवावयाचा, तर सभागृह भरलें पाहिजे आणि लोक ओळखीच्या कृतीलाच गर्दी करतात. ध्वनिमुद्रिकेला हें बंधन नाहीं. जगभर विखुरलेले थोडे रसिक मिळूनहि तिचा श्रोतृवर्ग होतो. १९९१ सालीं इंग्लंडांतील हायपेरियन कंपनीनें विस्मृत काँचेर्टोंची मालिका सुरू केली आणि तींत मेट्नर पुन्हा प्रकटले. पुढें मार्क-आंद्रे आम्लँ यांनीं त्यांचे सर्व सोनाटा मुद्रित केले.

वाचकांनीं प्रारंभ ‘सोनाटा रेमिनिसेंझा’ पासून करावा. ज्या संग्रहांत तो आहे त्याचें नांवच ‘विस्मृत सूर’ असें आहे! आरंभींची शांत सुरावट मध्यें मध्यें परत येते. आपल्या गाण्यांतील मुखड्याप्रमाणें ती ओळखीची होते. पहिल्या वेळीं संगीत रुक्ष वाटलें, तरी तिसऱ्या वेळीं त्यांतील वीण उलगडूं लागते. जलशांत तिसरी संधि मिळत नाहीं, घरीं मिळते.

म्हैसूरच्या महाराजांपाशीं द्रव्य होतें, तें आपणांपाशीं नाहीं. परंतु माळ्यावर आजोबांच्या जुन्या तबकड्या असतील, तर त्या मोडींत घालण्यापूर्वीं एकदां सर्वांनीं एकत्र बसून ऐकाव्या. न जाणो, एखादा सूर अजून ऐकणाऱ्याची वाट पाहत असेल.