म्हणजे काय? कशावरून? कशापासून वेगळे?

प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही वाचावे असे काही

आपल्या वस्तीत आज घरोघरी कुणी ना कुणी कॉलेजात शिकत आहे. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील सिक्युरिटीच्या ड्युटीवर जातात आणि मुलगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असते. घराण्यात एवढे शिकलेली ती पहिलीच. या मुलीला वर्षअखेर एक प्रकल्प किंवा छोटा प्रबंध लिहावा लागतो आणि नेमकी तिथेच गाडी अडते. विषय वर्गात कळलेला असतो, मेहनतीची तयारी असते. पण कागदावर उतरते ते जड जड शब्दांचे ओझे.

असे का होते? याचे मुख्य कारण भीती हे आहे. सोपे लिहिले तर ‘याला काही येत नाही’ असे सर म्हणतील, ही भीती. ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्यांपासून पुस्तकांचे कपाट आहे, त्यांना ही धास्ती कमी असते. आपल्या मुलांना मात्र आपण विद्वान आहोत हे प्रत्येक ओळीत सिद्ध करावे लागेल असे वाटते. मग गाईडमधला उतारा येतो, मोबाईलवरचा परिच्छेद येतो, आणि ज्याचा अर्थ स्वतःलाच लागलेला नाही तो शब्द प्रबंधात जाऊन बसतो. तोंडी परीक्षेत परीक्षक त्याच शब्दावर बोट ठेवून विचारतात, ‘हे म्हणजे काय?’ तेव्हा मुलगा गप्प होतो. गुण जातात हे नुकसान आहेच. पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे ‘आपल्याला डोकेच नाही’ अशी त्या मुलाची समजूत होते. वास्तविक डोक्याचा येथे काही दोष नसतो. कल्पना समजावून सांगण्याची एक रीत असते आणि ती कुणी शिकवलेली नसते, इतकेच.

ही रीत शिकायची तर फार दूर जायला नको.

पंचविसाव्या वर्षी वाचलेला निबंध

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने एक निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती: त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. बाबासाहेबांचे वय तेव्हा पंचवीस वर्षांचे. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा जो पहिला इंग्रजी खंड काढला, त्याची सुरुवातच या निबंधाने होते.

त्या निबंधात काय सांगितले आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आज आपण तो दुसऱ्या नजरेने पाहू. तो कसा सांगितला आहे, ते पाहू.

प्रसंग अवघड होता. समोर परक्या देशातले विद्वान, आणि विषय असा की ज्याचा चटका बोलणाऱ्याने लहानपणापासून सोसलेला. असा माणूस संतापाने बोलला असता तरी कुणी दोष दिला नसता. पण बाबासाहेबांनी आधी एकच साधा प्रश्न हाती घेतला: जात म्हणजे नेमके काय?

पायरी पहिली: आधीचे काय म्हणाले?

सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांनी जातीची व्याख्या कशी केली, ते त्यांनी प्रथम मांडले. हे केतकर म्हणजे मराठी ज्ञानकोशाचे कर्ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. बाबासाहेबांनी या नावांची नुसती माळ लावली नाही. प्रत्येकाचे कुठे बरोबर आणि कुठे अपुरे, हे सांगितले. उदाहरणार्थ, जातीबाहेरच्यांबरोबर न जेवणे हे नेसफिल्ड जातीचे लक्षण मानतो. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे की, येथे परिणामालाच कारण समजले गेले आहे. गट आधी बंद झाला म्हणून पंगत वेगळी झाली. पंगत वेगळी झाली म्हणून गट बंद झाला असे नव्हे. केतकरांनी दोन लक्षणे दिली होती: जातीत जन्मलेल्यालाच सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब दाखवतात की ही दोन लक्षणे नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करायचेच नाही म्हटल्यावर जातीत जन्मलेलाच तेवढा जातीचा राहणार.

आपली मुले ‘अमुक विद्वान असे म्हणतात, तमुक विद्वान तसे म्हणतात’ असे लिहून थांबतात. तेथे थांबू नये. ‘यातले मला काय पटते आणि का’ ही पुढची ओळ लिहिली की प्रबंध तुमचा होतो.

पायरी दुसरी: मुख्य लक्षण एकच धरा

जातीच्या पन्नास गोष्टी सांगता आल्या असत्या: विटाळ, धंदा, रोटीव्यवहार, पंचायत. बाबासाहेबांनी एकच धरली. जातीच्या आतच लग्न करण्याची सक्ती, म्हणजे अंतर्विवाह, हे जातीचे सार. बाकीचे तिच्यामागून आलेले.

यातच त्यांनी दोन जवळच्या कल्पना वेगळ्या केल्या. एका भावकीत सोयरीक होत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असते. हा झाला बहिर्विवाह, म्हणजे कुळाबाहेर लग्न करण्याचा नियम. आणि जातीबाहेर सोयरीक होत नाही, हा झाला अंतर्विवाह. बाबासाहेबांचे प्रतिपादन असे की कुळाबाहेर लग्न करण्याचा नियम येथे मुळापासूनचा आणि जातीतच लग्न करण्याचा नियम त्याच्यावर मागाहून लादलेला. तो लादला गेला तेव्हा जात निर्माण झाली. दोन्ही शब्द कानाला सारखे वाटतात, पण एक बाहेर ढकलतो आणि दुसरा आत कोंडतो. हा फरक स्पष्ट झाल्याशिवाय पुढचा युक्तिवाद उभाच राहत नाही.

पायरी तिसरी: लहान उदाहरण शेवटपर्यंत चालवा

मग ते एक गट कल्पनेने उभा करतात. समजा, एका गटाने ठरवले की आजपासून आपली दारे बंद. गटात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया साधारण सारख्या संख्येने हव्यात, नाहीतर कुणीतरी बाहेर लग्न करणार. पण नवरा आणि बायको एकाच दिवशी थोडेच मरतात? नवरा आधी गेला तर विधवा उरते. तिने बाहेर लग्न केले तर दार उघडते. आत केले तर दुसऱ्या मुलीचा वर कमी होतो. बायको आधी गेली तर विधुर उरतो आणि तोच पेच पुन्हा पडतो.

या पेचावर काय उपाय निघाले? विधवेला नवऱ्याच्या चितेवर जाळणे, किंवा जन्मभर वैधव्यात ठेवणे. पुरुषाचे वर्चस्व असल्यामुळे विधुरावर तशी सक्ती झाली नाही. त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणली गेली. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी वरवर वेगवेगळ्या दिसतात. बाबासाहेब दाखवतात की बंद दार बंदच ठेवण्याची ती तीन कुलपे आहेत.

पाहा, येथे ना अवघड शब्द आहे ना आरडाओरडा. ‘असे झाले तर काय होईल? मग पुढे काय होईल?’ एवढेच विचारत ते पुढे गेले. वाचणारा प्रत्येक पायरीला मान हलवतो आणि शेवटी जिथे पोहोचतो, तिथून त्याला मागे फिरता येत नाही.

पायरी चौथी: शेवटी मुद्दे मोजून द्या

निबंधाच्या शेवटी त्यांनी आपले मुख्य मुद्दे चारच ठेवले आणि ते मोजून सांगितले. शिवाय, माझे म्हणणे टिकणारे नाही असे कुणी दाखवून दिले तर मी ते सोडायलाही तयार आहे, अशी भूमिका घेतली. खरा अभ्यासक असा असतो. ज्याची मांडणी स्वच्छ असते त्याला चूक दाखवली जाण्याची भीती वाटत नाही. धूसर लिहिणाऱ्याची चूक सापडत नाही हे खरे. पण त्याचे बरोबर काय, तेही सापडत नाही.

शब्द बदलून पाहण्याची कसोटी

आता आपल्या रोजच्या जगण्यातली एक कल्पना घेऊ: चलनवाढ. अर्थशास्त्राच्या वहीत पुष्कळदा असे वाक्य असते: ‘चलनवाढ ही एक बहुआयामी व गुंतागुंतीची प्रक्रिया असून तिचे दूरगामी परिणाम समाजजीवनाच्या सर्व अंगांवर होत असतात.’ वाक्य भारदस्त आहे. आता त्यातला ‘चलनवाढ’ हा शब्द काढून ‘बेकारी’ घाला. वाक्य बसते. ‘नागरीकरण’ घाला. तरी बसते. जे वाक्य कोणत्याही शब्दाला बसते, ते कोणत्याच शब्दाचा अर्थ सांगत नाही. अशी वाक्ये निर्दयपणे खोडावीत.

त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘बाजारातील एकूण वस्तू व सेवांच्या किमती सतत वाढत राहणे आणि त्यामुळे तेवढ्याच पैशात कमी माल मिळणे, म्हणजे चलनवाढ. एकटा कांदा महागला तर ती चलनवाढ नव्हे. पण कांद्याबरोबर तेल, कापड, घरभाडे, बसभाडे असे बहुतेक सारेच चढत राहिले, तर ती चलनवाढ होय.’ यात तीन गोष्टी झाल्या. काय आहे ते सांगितले, काय नाही ते सांगितले आणि दोन्हींना उदाहरण दिले. चांगल्या व्याख्येला एवढे पुरते.

येथून पुढची कल्पनाही सोपी होते. समजा, ठराविक वस्तूंची एक पिशवी ठरवली आणि ती पूर्वी १०० रुपयांत भरत होती. आज तीच पिशवी भरायला १२० रुपये लागतात, म्हणजे निर्देशांक १०० वरून १२० झाला. त्याच काळात कामगाराचा पगार १०,००० वरून ११,००० झाला, तर पगारपत्रकावर १,००० रुपये वाढले. पण पूर्वीइतकाच माल घ्यायला १२,००० हवे होते. पैशातला पगार वाढला आणि वास्तव वेतन घटले. महागाई भत्ता किंमत निर्देशांकाशी का जोडतात, हे आता नव्याने सांगावे लागत नाही. बाबासाहेबांच्या रुपयावरील १९२३ च्या ग्रंथातही भर याच गोष्टीवर आहे: रुपया स्थिर ठेवायचा तर त्याची खरेदी करण्याची शक्ती स्थिर राहिली पाहिजे. एकदा ही कल्पना नीट कळली की संपावरची बातमीही वेगळी वाचता येते.

सोपे म्हणजे उथळ नव्हे

येथे एक गैरसमज होऊ नये. सोपे लिहावे म्हणजे शास्त्रीय शब्द टाकून द्यावेत असे नव्हे. ‘अंतर्विवाह’, ‘निर्देशांक’, ‘वास्तव वेतन’ हे शब्द हवेतच. ते अभ्यासाची हत्यारे आहेत. मात्र शब्द पहिल्यांदा येईल तेथेच त्याचा अर्थ द्यावा आणि पुढे तोच शब्द शेवटपर्यंत वापरावा. शाळेच्या निबंधात एकाच गोष्टीला पाच प्रतिशब्द वापरले की बाई शाबासकी देत. प्रबंधात ते घातक ठरते. आधी ‘जात’, मग ‘ज्ञाती’, मग ‘वर्ण’, मग ‘वर्ग’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला चार वेगळ्या गोष्टी वाटतात. आणि यातल्या काही खरोखरच वेगळ्या आहेत.

दाखला देतानाही तो कुठवर लागू आहे, ते सांगावे. पिशवीचा दाखला निर्देशांक समजायला चांगला. पण प्रत्येक घराची पिशवी सारखी नसते, आणि ज्याच्या पगाराचा मोठा भाग पोट भरण्यातच जातो त्याला धान्याची महागाई जास्त लागते, ही गोष्ट त्या एका आकड्यात दिसत नाही. हे एक वाक्य जोडले की दाखला दिशाभूल करीत नाही.

घरातला धोंडिबा

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती संवादाच्या रूपात. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. विचारणारा समोर असला की सांगणाऱ्याला पळवाट राहत नाही.

आपल्या घरात असा धोंडिबा आहे. आई, वडील, आजी, धाकटा भाऊ, कुणीही. मुलीने रात्री जेवणे झाल्यावर आपल्या प्रबंधातले एकच पान मोठ्याने वाचावे आणि ऐकणाऱ्याने तीनच प्रश्न विचारावेत: ‘म्हणजे काय?’, ‘कशावरून?’ आणि ‘अमक्यापासून हे वेगळे कसे?’ जेथे मुलगी अडखळेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. ती खूण म्हणजे उद्याचे काम. हे प्रश्न विचारायला स्वतः शिकलेले असण्याची गरज नाही. म्हणून आईवडिलांनी ‘आम्हाला त्यातले काय कळते’ म्हणून बाजूला होऊ नये. पोरीनेही ‘तुला नाही कळायचे, आई’ असे म्हणू नये. जे आईला सांगता येत नाही, ते बहुधा आपल्यालाच अजून पुरते कळलेले नसते.

ज्ञान अवघड भाषेच्या कुंपणात ठेवले की ते मोजक्यांच्या मालकीचे राहते, हे आपल्याइतके कुणाला माहीत असणार? मग शिकून सवरून आपणच तसले कुंपण घालायचे का? तुमचा प्रबंध वाचणाऱ्या पुढच्या मुलाला त्यातून वाट मिळाली पाहिजे. आज रात्री एक पान वाचून दाखवा आणि सुरुवात करा.