संगणकप्रणालीची स्वयंचलित बांधणी : लहान मुक्त प्रकल्पांसाठी विश्वासाचा आधार

२९ मार्च २०२४ रोजी संगणकविश्वाला हादरवणारी एक बातमी प्रसिद्ध झाली. आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशासाठी नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे, एवढ्याशा कारणावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला. लिनक्स प्रणालींमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड युटिल्स या लहानशा मुक्त प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला असल्याचे त्यातून उघड झाले. एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून वावरून या प्रकल्पाचा विश्वास संपादन केला होता.

या घटनेतील एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. चोरदरवाजा कार्यान्वित करणारी बांधणीची सूचना प्रकल्पाच्या सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती. वितरणासाठी हाताने तयार केलेल्या गठ्ठ्यात मात्र ती होती. म्हणजेच लोक जे वाचत होते आणि जे उतरवून घेत होते, त्या दोहोंत फरक होता. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता येतो. परंतु वापरकर्त्याच्या हाती पडणारी फाईल त्याच कोडपासून तयार झाली आहे, याची खात्री कोण देणार? स्वयंचलित बांधणीचे महत्त्व या प्रश्नाच्या संदर्भात समजून घेणे उपयुक्त ठरेल.

बांधणी म्हणजे काय?

प्रोग्रामर जे लिहितो तो सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता. तिचे रूपांतर यंत्राला समजेल अशा स्वरूपात करणे, आवश्यक लायब्ररी जोडणे, चित्रे व भाषांतरे समाविष्ट करणे आणि शेवटी वापरकर्त्याला बसवता येईल असे पॅकेज तयार करणे, या साऱ्या क्रियांना मिळून बांधणी किंवा बिल्ड म्हणतात. या क्रिया क्रमाने करवून घेणारा मेक हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिला. कोडमध्ये बदल होताच बांधणी व चाचणी आपोआप व्हावी, हा विचार पुढे नव्वदच्या दशकात रुजला. २००१ मध्ये क्रूझ कंट्रोल आणि त्यानंतर हडसन ही त्यासाठीची साधने आली. हडसनचाच एक प्रवाह २०११ पासून जेन्किन्स या नावाने ओळखला जातो.

मोठ्या कंपन्यांकडे अशा कामासाठी स्वतंत्र यंत्रे असतात. एखादा स्वयंसेवक फावल्या वेळात चालवत असलेल्या प्रकल्पाची स्थिती वेगळी असते. अशा प्रकल्पात बांधणी बहुधा त्या एकाच व्यक्तीच्या लॅपटॉपवर होते. कधीकाळी बसवलेली एखादी लायब्ररी, कुठेही न नोंदवलेली एखादी जुळणी यांवर सर्व भिस्त असते. तो लॅपटॉप बिघडला किंवा त्या व्यक्तीला सवड उरली नाही, की कोड उपलब्ध असूनही नवी आवृत्ती काढणे कोणालाच जमत नाही.

प्रारंभ कसा करावा?

उदाहरणादाखल मराठी टिपणे लिहिण्याचा एक छोटा डेस्कटॉप प्रोग्राम घेऊ. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालावा अशी अपेक्षा आहे. पहिली पायरी सेवेची निवड नसून लेखनाची आहे. कोरे यंत्र हाती दिले तर कोणती साधने, कोणत्या आवृत्तीची आणि कोणत्या क्रमाने बसवावी लागतील, हे सर्व एका स्क्रिप्टमध्ये उतरवून ती स्क्रिप्ट कोडसोबतच ठेवावी. अनेक अडचणी याच टप्प्यावर उघडकीस येतात.

त्यानंतर सेवा निवडावी. गिटहब या संकेतस्थळाने २०१९ मध्ये ॲक्शन्स या सेवेमार्फत स्वयंचलित बांधणीची सोय उपलब्ध करून दिली. सार्वजनिक प्रकल्पांना तिची सर्वसाधारण यंत्रे विनामूल्य वापरता येतात. प्रकल्पातील ठरावीक फोल्डरमध्ये यॅमल पद्धतीने लिहिलेली एक छोटी फाईल ठेवावी लागते. काम केव्हा सुरू व्हावे, कोणत्या यंत्रावर व्हावे आणि कोणत्या पायऱ्यांनी व्हावे, या तीन गोष्टी त्या फाईलमध्ये नमूद केलेल्या असतात. प्रत्येक वेळी नवे, कोरे आभासी यंत्र सुरू होते, काम पार पडते आणि यंत्र नष्ट केले जाते. त्यामुळे पूर्वीच्या कामाचा अवशेष मागे राहून चुकीचे यश दाखवले जाण्याची शक्यता कमी होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बांधणीच्या आज्ञा सेवेच्या फाईलमध्ये न कोंबता आपल्या स्क्रिप्टमध्येच ठेवाव्यात व सेवेने केवळ ती स्क्रिप्ट चालवावी. २०११ मध्ये सुरू झालेली ट्रॅव्हिस सीआय ही सेवा एके काळी मुक्त प्रकल्पांची पहिली पसंती होती. तिचे मुक्त प्रकल्पांसाठीचे स्वतंत्र संकेतस्थळ २०२१ मध्ये बंद झाले आणि असंख्य प्रकल्पांना स्थलांतर करावे लागले. ज्यांच्या आज्ञा स्वतःपाशी होत्या त्यांना हे काम सोपे गेले.

तीन प्रणाली, तीन स्वभाव

एकाच वेळी तिन्ही प्रणालींवर बांधणी सुरू केली की लपलेले दोष समोर येतात. फाईलच्या नावातील लहान-मोठ्या रोमन अक्षरांत लिनक्स भेद करते, विंडोज सहसा करत नाही. त्यामुळे विंडोजवर दिसणारे चित्र लिनक्सवर सापडत नाही. लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर तयार केलेला प्रोग्राम जुन्या आवृत्तीवर अनेकदा सुरूच होत नाही, कारण सी भाषेची मूलभूत लायब्ररी जुनी असते. म्हणून ज्या सर्वांत जुन्या प्रणालीला आधार द्यायचा, तिच्यावरच बांधणी करावी.

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने आणखी दोन चाचण्या मोलाच्या ठरतात. पहिली म्हणजे देवनागरी नाव असलेल्या फोल्डरमधून प्रोग्राम चालवून पाहणे. अनेक प्रोग्राम रोमन अक्षरांच्या मार्गावर सुरळीत चालतात आणि ‘माझी टिपणे’ या फोल्डरपाशी अडखळतात. दुसरी चाचणी भाषांतराची. ‘%d फाईली सापडल्या’ अशा वाक्यातील चिन्हाच्या जागी प्रोग्राम संख्या भरतो. भाषांतर करताना ते चिन्ह बदलले किंवा गळले, तर प्रोग्राम चुकीचा मजकूर दाखवू शकतो, क्वचित बंदही पडतो. भाषांतर करणारा स्वयंसेवक प्रोग्रामर असेलच असे नाही; त्याच्यावर दोष ढकलण्यापेक्षा प्रत्येक भाषांतर फाईल यंत्राकडून तपासून घेणे अधिक न्याय्य आहे. गेटटेक्स्ट या साधनसंचात अशी तपासणी उपलब्ध आहे.

स्वाक्षरी आणि तिजोरीच्या किल्ल्या

पॅकेज तयार झाले तरी प्रश्न संपत नाही. अनोळखी प्रोग्राम उघडताना विंडोज इशारा देते. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून बाहेरून वितरित होणाऱ्या प्रोग्रामची ॲपलकडून पूर्वतपासणी अपेक्षित असते. त्यासाठी विकासक सदस्यत्व घ्यावे लागते, ज्याचे सर्वसाधारण शुल्क वर्षाला ९९ डॉलर आहे. विनामूल्य काम करणाऱ्या स्वयंसेवकाला हा खर्च जड वाटणे स्वाभाविक आहे. तो शक्य नसल्यास, इशारा का दिसतो हे वापरकर्त्याला स्पष्ट सांगावे आणि फाईल पडताळण्यासाठी तिचा एसएचए-२५६ अंक प्रसिद्ध करावा.

स्वाक्षरीची गुप्त किल्ली बांधणी सेवेकडे सोपवली, तर त्या सेवेची सुरक्षा हीच प्रकल्पाची सुरक्षा ठरते. मार्च २०२५ मध्ये गिटहब ॲक्शन्समधील एक लोकप्रिय तयार घटक हल्लेखोरांनी बदलला. २३,००० हून अधिक प्रकल्प तो घटक वापरत होते. त्याच्या जुन्या आवृत्त्यांची नावेही नव्या, घातक कोडकडे वळवण्यात आली आणि काही प्रकल्पांची गुपिते सार्वजनिक नोंदींत छापली गेली. यावरून काही नियम निघतात : तयार घटक कमीत कमी वापरावेत, त्यांचा उल्लेख आवृत्तीच्या नावाने न करता बदलता न येणाऱ्या ओळखक्रमांकाने करावा, बांधणीला केवळ वाचनाचा अधिकार द्यावा, आणि अनोळखी व्यक्तीने पाठवलेल्या बदलाच्या चाचणीपर्यंत किल्ल्या पोहोचू देऊ नयेत.

मर्यादांचे भान

स्वयंचलित बांधणी हा सर्व रोगांवरील उतारा नाही. जिथे चाचण्याच लिहिलेल्या नाहीत तिथे हिरवी खूण एवढेच सांगते की प्रोग्राम तयार झाला. तो नीट चालतो असे नाही. ठरावीक वेळी चालणारी बांधणीही दुर्लक्षित राहू शकते. सार्वजनिक प्रकल्पात ६० दिवस कोणतीही हालचाल झाली नाही, तर गिटहब अशी वेळापत्रकी कामे आपोआप थांबवते. शिवाय ज्याच्यावर विश्वास टाकला तोच घातपात करू लागला, तर एकट्या यंत्राने तो रोखला जात नाही.

तरीही अंतर कमी होते. सार्वजनिक कोडपासून, सार्वजनिक सूचनांनुसार आणि सार्वजनिक नोंद ठेवून तयार झालेली फाईल कोणालाही पडताळता येते. डेबियन प्रकल्पात २०१३ पासून याच दिशेने पुढचे पाऊल टाकले जात आहे. एकाच कोडपासून दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी बांधणी केली, तर दोन्ही फाईली अक्षरशः सारख्या निघाव्यात, असा त्यामागील उद्देश आहे.

लहान प्रकल्पाने आरंभ एका प्रणालीपासून आणि एका चाचणीपासून केला तरी पुरेसे आहे. पहिल्या काही प्रयत्नांत लाल खूण दिसेल. त्यातील प्रत्येक खूण त्या एका लॅपटॉपमध्ये दडलेली एखादी न नोंदवलेली गोष्ट उघड करत असते. ती लिहून ठेवली, की प्रकल्प एका व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून राहत नाही आणि उद्या काम हाती घेणाऱ्याला तो पुन्हा उभा करता येतो.