माल वेगळा, माणूस वेगळा : गाडी चालवणाऱ्या प्रत्येकासाठी



आज फवारणीचा किंवा खताचा सल्ला नाही. आज गाडीचा आहे. तुमचा सालदार ट्रॅक्टर चालवत असेल, घरातल्या पोराकडे पिकअप असेल किंवा तुम्ही स्वतः माल घेऊन येत असाल, तर पाच मिनिटं काढून वाचा. आणि जो चालवतो, त्याला वाचून दाखवा.

*किनगाव विसरू नका*

15 फेब्रुवारी 2021. मध्यरात्र उलटून गेलेली. धुळ्याकडून पपई भरून रावेरकडे निघालेला ट्रक यावल तालुक्यात किनगावजवळ उलटला. मजूर त्याच ट्रकमध्ये, मालासोबत होते. किमान 15 जणांचा जीव गेला. त्यात बाया होत्या, लहान मुलं होती. बहुतेक जण रावेर तालुक्यातले. काम आटोपून घरी चालले होते.

असं का होतं ते समजून घ्या. माल जितका उंच, तितकं गाडीचं वजन वर जातं. मग वळणावर किंवा साइडपट्टीवरून चाक खाली उतरलं की गाडी कलते. पपई, केळी हा माल एका जागी राहत नाही, कललेल्या बाजूला सरकतो आणि गाडी पुरती उलटते. केबिनमधल्या माणसाला निदान वर पत्रा असतो. मालावर बसलेला माणूस मालाच्या आणि गाडीच्या खाली सापडतो.

*"पण दुसरी गाडी परवडत नाही ना, दादा!"*

हे मला प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. खरंही आहे. म्हणून कटाईचा भाव ठरवतानाच मजुरांचं जाण्यायेण्याचं भाडं वेगळं धरा. व्यापारी, शेतकरी आणि मुकडदम यांनी ते आधीच बोलून घ्यायचं. रात्री बारा वाजता, माल भरून झाल्यावर "आता बसा वरच" असं व्हायला नको.

आणि हिशोबच करायचा तर पूर्ण करा. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या निकालात सांगितलं आहे. म्हणजे दावा लागला तर तो गाडीमालकाच्या अंगावर येऊ शकतो. वाचवलेल्या भाड्यापायी शेत विकायची वेळ येऊ शकते.

*ट्रॅक्टरवाल्यांसाठी*

1. ट्रॅक्टरला दोन ब्रेक पॅडल असतात, डावं आणि उजवं. शेतात वळायला ते वेगळे लागतात. रस्त्यावर येताना दोन्ही एकमेकांना *लॉक* करा. नाहीतर घाईत एकच दाबला जातो आणि ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला वळतो.
2. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. भरलेली ट्रॉली मागून ढकलते. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका.
3. ट्रॉलीच्या पिनला लॉक आहे का, रोज हाताने तपासा.
4. मडगार्डवर कुणीही बसायचं नाही. नातवाचा कितीही हट्ट असला तरी नाही.

*मागून दिसतंय का?*

मी शेतभेटी मोटरसायकलवर करतो. मागच्या हिवाळ्यात चोपड्याकडून येताना अंधार पडला. समोरून गाडीचा फोकस डोळ्यावर आला, आणि तो गेल्यावर दहा-बारा हातांवर उभी ट्रॉली दिसली. लाईट नाही, रेडियम नाही. कशीबशी गाडी बाजूला घेतली. ट्रॉलीवाला पंक्चर काढत होता, त्याचीही काही वाईट इच्छा नव्हती.

ताशी 40 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबायला चौपट अंतर लागतं. म्हणून ट्रॉलीला मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी रेडियम पट्टी लावा. कापसाचं पोतं किंवा चारा पट्टीवर लोंबत असेल तर ती असून नसल्यासारखीच.

*पिकअप, छोटा हत्ती, आयशरवाल्यांसाठी*

4 जुलै 2023 ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ मुंबई–आग्रा महामार्गावर एक कंटेनर बाकी गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला. किमान 10 जण गेले. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि धरत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. माल पासिंगच्या वजनाइतकाच भरा. जादा वजनाला दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो, आणि थांबायला अंतर जास्त लागतं ते वेगळंच.

रात्री दोन ते पहाटे पाच ही झोपेची वेळ. चहा, तंबाखूने झोप जात नाही, फक्त थोडी लांबते. डोळा लागतोय वाटलं की ढाब्यावर गाडी लावून वीस मिनिटं झोपा. दिवसभर कटाईवर राबलेल्या माणसाला रात्री गाडी चालवायला सांगू नका. *हे मालकाचं काम आहे, ड्रायव्हर स्वतः नाही म्हणणार नाही.*

*अपघात झालाच तर*

108 ला फोन करा, पोलिसांसाठी 112. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, कायद्याचं संरक्षण आहे. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत अपघातातील जखमीवर, अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस होतात. योजनेतल्या दवाखान्यात तसं स्पष्ट सांगा.

*आपल्या कंपनीत काय ठरलं*

या हंगामापासून संकलन केंद्रावर मालावर माणसं बसवून आलेली गाडी काट्यावर घेतली जाणार नाही. आधी माणसं उतरतील, त्यांची परतीची सोय ठरेल, मग वजन. कंपनीच्या स्वतःच्या गाड्यांनाही हाच नियम. पुढच्या गटबैठकीला ट्रॅक्टर घेऊन या, ब्रेक लॉक आणि पिन तिथेच बघू. सालदाराला सोबत आणा, कारण चालवतो तो.

भाव कमी-जास्त होतो, पीक पुढच्या वर्षी परत येतं. किनगावला गेलेली माणसं परत आली नाहीत.

गाडी जपून चालवा.
आपला कृषी सल्लागार 🚜